लाइमहाऊस ते टेडिंग्टन : भरतीच्या वेळेवर बेतलेल्या एका नौकाप्रवासाचे नियोजन

प्रकरणाची पार्श्वभूमी

लंडनमध्ये राहणाऱ्या आमच्या एका मित्र-दांपत्याकडे 57 फूट लांबीची नॅरोबोट आहे. नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या अरुंद कालव्यांसाठी बांधली जाणारी, जेमतेम 6 फूट 10 इंच रुंद, सपाट तळाची पोलादी नौका. संथ आणि उथळ पाण्यात ताशी चार मैलांच्या आत चालणे हा तिचा धर्म. पूर्व लंडनमधील लाइमहाऊसच्या गोदीतून निघून टेम्स नदीने ऑक्सफर्डला जावे, असे त्या दोघांनी एका हिवाळ्यात ठरवले आणि त्यातील पहिल्या टप्प्याचे नियोजन माझ्याकडे आले. माझे बालपण अलिबागच्या किनाऱ्यावर गेले, एवढीच माझी पात्रता. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन भरतीपूर्वी परतायचे असते हे ज्याला लहानपणी कळते, त्याला टेम्सही कळेल, असा त्यांचा समज होता. तो पूर्णपणे खरा नव्हता. पूर्णपणे खोटाही ठरला नाही.

हा पहिला टप्पा सुमारे 21 मैलांचा आहे. टेडिंग्टनच्या वर टेम्स ही बांध आणि लॉक (दोन्ही टोकांना दारे असलेले, पाणी भरून किंवा सोडून नौकेला वरखाली करणारे कप्पे) यांनी पायऱ्यापायऱ्यांत अडवलेली शांत नदी आहे. टेडिंग्टन धरून लेचलेडपर्यंत असे 44 लॉक आहेत. टेडिंग्टनच्या खाली मात्र तीच नदी म्हणजे एक खाडी आहे. लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी साडेसहा मीटरच्या आसपास वरखाली होते, म्हणजे मुंबईपेक्षाही बरीच अधिक. या भागावर पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीची हुकमत चालते, टेडिंग्टनपासून वर एन्व्हायर्नमेंट एजन्सीची, आणि लाइमहाऊस व ब्रेंटफर्ड येथे नदीला येऊन मिळणाऱ्या कालव्यांवर कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टची. एकाच दिवसाच्या प्रवासात तीन संस्थांची नियमावली लागू होते, हे नियोजनाच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आले.

हा धोका मुळात पत्करायचाच कशाला, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला होता. लाइमहाऊसहून रीजंट्स कालव्याने पॅडिंग्टनपर्यंत, तेथून एकही लॉक नसलेल्या पॅडिंग्टन शाखेने बुल्स ब्रिजपर्यंत आणि मग हॅनवेलची सहा लॉकची उतरंड पार करून ब्रेंटफर्डला येता येते. त्यात दोन-तीन दिवस जातात आणि लॉकची दारे ढकलून कंबर मोडते, परंतु टेम्सवरचा भरतीचा भाग केवळ शेवटच्या पाच मैलांपुरता उरतो. निव्वळ सुरक्षिततेच्या हिशेबाने तोच मार्ग योग्य आहे, आणि माझे लेखी मत तेच होते. मित्राच्या पत्नीला मात्र स्वतःच्या घरात उभे राहून टॉवर ब्रिजखालून जायचे होते. ही इच्छा हिशेबात न बसणारी असली, तरी ज्यांची नौका त्यांची इच्छा, म्हणून आम्ही थेट मार्ग घेतला आणि तो निभावण्याची अधिक तयारी केली.

तारीख कशी निवडली

नॅरोबोटीचा वेग ताशी चार मैल धरला आणि भरतीचा प्रवाहही लंडनमध्ये ताशी दोन-तीन मैल असतो हे लक्षात घेतले, की प्रवाहाविरुद्ध जाणे म्हणजे जागच्या जागी डिझेल जाळणे होय, हे उघड होते. म्हणून वर जायचे तर भरतीबरोबरच. यात एक अनुकूल गोष्ट अशी की लंडन ब्रिजला पूर्ण भरती झाल्यावर ती ब्रेंटफर्ड-रिचमंडच्या भागात पोचायला सुमारे एक तास लागतो. भरतीबरोबर वर सरकणाऱ्या नौकेला त्यामुळे एका जागी उभे राहणाऱ्यापेक्षा तासभर अधिक काळ अनुकूल पाणी मिळते. लंडन ब्रिजच्या पूर्ण भरतीपूर्वी अडीच तास लाइमहाऊस सोडायचे आणि भरती थबकण्याच्या सुमारास टेडिंग्टनला पोचायचे, हा आराखडा त्यातून निघाला.

आता हा अडीच तासांचा आराखडा कोणत्या दिवसावर बसवायचा? नोकऱ्यांमुळे शनिवार हवा होता. लाइमहाऊसचे लॉक दिवसाच्या ठरलेल्या तासांतच चालते. आमच्या मोसमात ते सकाळी आठला सुरू होत होते आणि नौका सोडण्यासाठी किमान 24 तास आधी कळवावे लागत होते. म्हणजे भरती साडेदहाच्या आधी असेल तो दिवस बाद.

येथे कोकणातला जुना ठोकताळा कामी आला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याचा. पण भरती चंद्रामुळे येत असल्याने हाच हिशेब लंडनलाही लागू पडायला हवा, फक्त एका ठरावीक फरकाने. काही महिन्यांच्या तक्त्यांशी ताडून पाहिल्यावर हा फरक ब्रिटनच्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे साडेतीन तासांहून किंचित अधिक निघाला. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला लंडन ब्रिजची भरती दुपारी तीनच्या सुमारास, आणि अष्टमीला सकाळी साडेनऊ-पावणेदहाला. हे गणित ढोबळ आहे; प्रत्यक्ष वेळ नेहमी पोर्ट ऑथॉरिटीच्या तक्त्यावरूनच घ्यावी लागते आणि आम्ही ती तशीच घेतली. परंतु मित्राच्या घरातल्या मराठी दिनदर्शिकेवर केवळ तिथ्या पाहून अख्ख्या उन्हाळ्यातले अयोग्य शनिवार दहा मिनिटांत खोडता आले, ही सोय तक्त्यात नव्हती.

अष्टमीच्या आसपासचे, म्हणजे भांगाचे दिवस पाण्याच्या जोराच्या दृष्टीने सर्वांत सौम्य. पण त्या दिवशी सकाळी सात-सव्वासातला निघावे लागले असते आणि तेव्हा लॉक बंद. दुपारची सोयीची भरती देणारे दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचे, म्हणजे नेमके उधाणाचे. लंडनमध्ये सोयीची वेळ आणि सौम्य पाणी ही दोन्ही एकत्र मिळत नाहीत, हे या प्रकरणातील खरे कोडे होते. त्याची उकल एका बारीक गोष्टीत सापडली. उधाणाचा कळस पौर्णिमेलाच होत नाही, तो एक-दोन दिवस मागे रेंगाळतो. त्यामुळे पौर्णिमेनंतरच्या तृतीयेपेक्षा पौर्णिमेआधीच्या द्वादशीला पाण्याचा जोर बराच कमी असतो, आणि भरती पावणेएकच्या सुमारास येते. निघण्याची वेळ सव्वादहा. लॉक उघडे, दिवस मोठा, पाणी मध्यम. शुद्ध द्वादशीचा एक शनिवार जूनमध्ये मिळाला आणि तो आम्ही धरला.

त्याच वेळी राखीव तारीख ठरवताना मित्राची पत्नी म्हणाली, "त्यात काय, जमलं नाही तर पुढच्या शनिवारी जाऊ." ही चूक मीही सहज केली असती. पुढचा शनिवार म्हणजे उधाण उलटून भांगाकडे जाणारे दिवस. भरती संध्याकाळी सहा-सातला. पंधरवडाच थांबावे लागते. चौदा दिवसांनी वद्य एकादशी येत होती आणि भरती सुमारे पाऊण तास अलीकडे, बारा वाजून पाच मिनिटांनी होती. म्हणून एकाच दिवसाचे नव्हे, तर चौदा दिवसांच्या अंतराने दोन शनिवारांचे आरक्षण सर्वांनी आपापल्या रजेच्या वहीत करावे, असे ठरले. या प्रकरणात मी केलेल्या कामांपैकी याच एका गोष्टीला मी नियोजन म्हणेन. बाकीची बहुतेक जुळवाजुळव होती.

नौका, माणसे आणि नियम

भाड्याने नॅरोबोटी देणाऱ्या बहुतेक कंपन्या भरतीच्या टेम्सवर जायला परवानगी देत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. कालव्यावर इंजिन बंद पडले तर माणूस उडी मारून काठावर दोर बांधतो. लंडन ब्रिजपाशी इंजिन बंद पडले तर काठ म्हणजे उंच दगडी भिंत असते आणि प्रवाह नौकेला पुढच्या पुलाच्या खांबावर नेत असतो. म्हणून कालव्यावर ज्याची कधी गरज भासली नाही असा नांगर घ्यावा लागला. तो साखळी आणि लांब दोर जोडून, दोराचे दुसरे टोक पक्के बांधून नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, मोकळा ठेवायचा, खालच्या पेटीत नव्हे. नांगर आहे पण तो काढायला पाच मिनिटे लागतात, ही अवस्था नांगर नसण्यापेक्षा फारशी वेगळी नाही.

13.7 मीटरपेक्षा लांब नौकेला या भागात व्हीएचएफ रेडिओ बाळगणे आणि 14 क्रमांकाच्या वाहिनीवर लंडन व्हीटीएस या वाहतूक नियंत्रण कक्षाच्या सूचना ऐकत राहणे बंधनकारक आहे. आमची नौका सतरा मीटरहून अधिक, म्हणून हातातला रेडिओ घेतला आणि मित्राने त्याच्या वापराचे प्रमाणपत्र हिवाळ्यातच मिळवले. हा नियम कागदी वाटू शकतो, पण या नदीचा इतिहास पाहिला की तसे वाटत नाही. 20 ऑगस्ट 1989 च्या पहाटे कॅनन स्ट्रीटच्या रेल्वे पुलाजवळ मार्शनेस या सहलीच्या नौकेला बोबेल हे वाळू काढणारे जहाज धडकले आणि 51 माणसे बुडाली. दोन्हीपैकी एकाही नौकेवर पुरेशी टेहळणी नव्हती. 2002 साली टेम्सवर आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेची नौकांची ठाणी उभी राहिली, त्यामागे ही दुर्घटना होती. पुलांच्या कमानींवर लुकलुकणारा पांढरा दिवा दिसला की मोठे जहाज येत आहे असे समजून बाजूला राहायचे, हा संकेत नौकेवर असणाऱ्या आम्ही चौघांनीही पाठ केला, कारण सुकाणू कोणाच्या हातात असेल याचा भरवसा नव्हता.

उरलेली तयारी घरगुती स्वरूपाची होती. पुढच्या खोलगट भागाची दारे बंद करून फटी झाकणे, काचेची भांडी आणि कुंड्या जमिनीवर ठेवणे, डिझेलची गाळणी बदलणे. टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ कालव्यात शांत बसलेला असतो. नौका हेलकावली की तो उसळून गाळणीत अडकतो आणि इंजिन नेमके नको तेथे गुदमरते. इंजिनाची परीक्षाही आम्ही घेतली, पण कालव्यावर वीस मिनिटे. ती अपुरी होती, हे पुढे दिसले.

सर्वांत शेवटी मी एक कागद तयार केला. त्यावर मार्गातील काही पूल, तेथे पोचण्याची वेळ, आणि माघारीच्या जागा होत्या. लाइमहाऊस आणि ब्रेंटफर्ड यांच्या दरम्यान अशा नौकेला आयत्या वेळी थांबता येईल अशी भरवशाची जागा जवळजवळ नाही, म्हणून ब्रेंटफर्डचे मुख हीच खरी माघार. तेथील टेम्स लॉक पूर्ण भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे दोन तास वापरता येते, आणि आम्ही तेथेही आधीच कळवून ठेवले होते. कागदावर एक वाक्य लाल शाईने लिहिले होते: क्यू पुलापाशी इंजिनाबद्दल कोणाही एकाला शंका असेल, तर चर्चा न करता ब्रेंटफर्डला वळायचे.

रद्द झालेला शनिवार

पहिला शनिवार पाण्याने नव्हे, वाऱ्याने घेतला. शुक्रवारी संध्याकाळच्या अंदाजात पश्चिमेचा जोरदार वारा होता. लंडनमध्ये पश्चिम वारा नेहमीचाच. पण भरती पश्चिमेकडे वाहते, म्हणजे वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. सागरी नौकेला त्या काहीच नाहीत. पाण्यापासून थोड्याच उंचीवर हवेची भोके असलेल्या नॅरोबोटीला त्या नकोत. आम्ही शुक्रवारी रात्री आठला रद्द करायचे ठरवले आणि दोन्ही लॉकना कळवले. शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडले होते, त्यामुळे निर्णय चुकला असे तासभर वाटले. दुपारी गोदीच्या भिंतीवरून नदी पाहिल्यावर तसे वाटेनासे झाले. दुसरी तारीख सर्वांच्या वहीत होतीच, त्यामुळे रद्द करताना कोणाला काही गमावल्यासारखे झाले नाही. ती नसती तर आम्ही कदाचित निघालोही असतो.

प्रत्यक्ष प्रवास

दुसऱ्या शनिवारी 9 वाजून 35 मिनिटांनी लाइमहाऊसचे लॉक उघडले. नौकेचे नाक वाहत्या पाण्यात शिरते तेव्हा तिचा मागचा भाग अजून लॉकच्या स्थिर पाण्यात असतो, आणि भरती ते नाक उजवीकडे खेचते. आम्हाला जायचेही उजवीकडेच होते, तरीही तो पहिला हिसका चौघांच्याही चेहऱ्यावर दिसला. भरपूर इंजिन लावून, न घुटमळता बाहेर पडणे हाच उपाय.

टॉवर ब्रिज वीस मिनिटांत आला. 1894 च्या जून अखेरीस तो खुला झाला, आणि आमच्या मार्गावरचे रिचमंडचे लॉक त्याच वर्षी मे महिन्यात. एकाच नदीवर सहा आठवड्यांच्या अंतराने खुली झालेली ही दोन कामे एका प्रवासात पाहायला मिळतील, या कल्पनेवर मी खूश होतो. पुलाखालच्या फोटोनंतर मात्र वेस्टमिन्स्टरपर्यंतचा अर्धा तास कोणी फोटो काढला नाही. प्रवासी फेऱ्या करणाऱ्या वेगवान नौकांच्या लाटा उंच भिंतींवर आपटून परत येतात, आणि पुढची नौका येईपर्यंत आधीचे पाणी बसलेलेच नसते. लाट शक्यतो नाकावर तिरकी घ्यायची, आडवी घ्यायची नाही. आत एक खण निसटून चमचे सांडल्याचा आवाज आला. कोणी बघायला गेले नाही.

व्हॉक्सहॉलनंतर पाणी शांत झाले, आणि बॅटरसीच्या आसपास इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला. कालव्यावर हे इंजिन मिनिटाला बाराशे-तेराशे फेऱ्यांवर चालते. येथे ते तासभर दोन हजारांवर चालत होते. नॅरोबोटीचे इंजिन बाहेरचे पाणी आत घेऊन गार होत नाही. पोलादी तळाच्या आतल्या बाजूला जोडलेल्या एका चपट्या टाकीतून इंजिनाचे पाणी फिरते आणि नदीच्या पाण्याने पत्रा थंड राहतो, म्हणून ते गार होते. वेग कमी केला तेव्हा काटा थांबला, पण खाली आला नाही. पटनीच्या पुढे वल्हवणाऱ्यांच्या लांबट नौका सुरू होतात. त्यांचे नियम वेगळे, त्या प्रवाहानुसार काठ बदलतात, आणि त्यांना लाट न देता मधल्या पाण्यातून जावे लागते, म्हणून वेग कमी करणे तसेही योग्यच होते. हॅमरस्मिथ पुलाखाली आम्ही कागदापेक्षा वीस मिनिटे मागे होतो. तो पूल तड्यांमुळे 2020 च्या ऑगस्टपासून जवळजवळ वर्षभर खालून जाणाऱ्या सर्वसाधारण नौकांनाही बंद होता. पोर्ट ऑथॉरिटीच्या सूचना आदल्या दिवशी वाचण्याची सवय मला त्या माहितीने लावली.

क्यू पुलापाशी 12 वाजून 25 मिनिटे झाली होती. भरती अजून अर्धा तास शिल्लक होती, टेडिंग्टन सुमारे साडेपाच मैलांवर होते, आणि काटा जेथे होता तेथेच होता. मित्र म्हणाला, "आता काय राहिलंय, तासाभराचं तर काम." गणिताने तो बरोबर होता. त्याच्या पत्नीने काहीही न बोलता कागद त्याच्यासमोर धरला. लाल शाईतले वाक्य त्याच्याच संमतीने लिहिलेले होते, त्यामुळे वाद झाला नाही. थोडी नाराजी झाली. ब्रेंटफर्डचे मुख उजव्या हाताला, क्यू गार्डन्सच्या समोरच्या काठाला आहे. भरती मंदावलेली असल्याने आम्ही मुखाच्या जरा पुढे जाऊन वळलो, नाक प्रवाहाच्या सामोरे केले आणि सावकाश मागे येत आत शिरलो. आत टेम्स लॉकच्या कर्मचाऱ्याला आमचे नाव ठाऊक होते, कारण आम्ही कळवले होते.

दोष संध्याकाळी सापडला. वसंतात इंजिनाचे पाणी बदलताना त्या चपट्या टाकीच्या वरच्या भागात हवा अडकून राहिली होती, म्हणजे अर्धाच पत्रा कामाला लागत होता. वरचा छोटा स्क्रू सैल केल्यावर बराच वेळ नुसती हवा आली आणि नंतर टाकीत दोन-अडीच लिटर पाणी मावले. कालव्याच्या वेगात हे कधी कळलेच नसते. इंजिनाची परीक्षा काठाला दोन्ही टोकांनी घट्ट बांधून, दोन हजार फेऱ्यांवर, निदान एक तास घ्यायला हवी होती. वीस मिनिटांची परीक्षा पुरे असे ठरवणारा मीच होतो.

रविवारी लंडन ब्रिजची भरती पाऊण तासाने पुढे सरकली होती. आम्ही पाऊण वाजता ब्रेंटफर्ड सोडले. रिचमंडच्या अर्ध्या भरतीच्या बांधाचे 66 फुटी तिन्ही दरवाजे वर उचललेले होते. पूर्ण भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे दोन तास ते तसे असतात आणि त्या वेळात नौका लॉकमध्ये न जाता सरळ कमानीखालून पुढे जाते; एरवी ते खाली सोडून टेडिंग्टनपर्यंत पुरेसे पाणी राखले जाते. टेडिंग्टनला तीन लॉक शेजारीशेजारी आहेत. 1904 सालचे मोठे बार्ज लॉक 650 फुटांचे आहे, पण आम्हाला मधल्या आकाराचे मिळाले. भरती भरात असल्याने दोन बाजूंच्या पातळीत फरक असा नव्हताच. 44 लॉकमधील पहिल्यात पाणी जेमतेम वीतभर चढले. कालव्याचा परवाना येथून वर चालत नाही, म्हणून तेथेच अल्पमुदतीचा परवाना घेतला.

परतीसाठी मी पुन्हा तिथ्या पाहायला घेतल्या होत्या. ओहोटीबरोबर खाली येताना लाइमहाऊसच्या अरुंद मुखात, आडव्या वाहत्या पाण्यातून वळून शिरणे, हे बाहेर पडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मित्राच्या पत्नीने दिनदर्शिका मिटली आणि सांगितले की टॉवर ब्रिज एकदा पाहून झाला आहे. ऑक्सफर्डहून ती दोघे ऑक्सफर्ड कालव्याने ब्रॉन्स्टनला, तेथून ग्रँड युनियनने बुल्स ब्रिजला आणि पॅडिंग्टनवरून लाइमहाऊसला आली. त्या संपूर्ण परतीत त्यांना एकदाही भरतीची वेळ पाहावी लागली नाही.